पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर दहा आठवडे

कंपनीची गाडी मला मिळाली एका शुक्रवारी, आणि भिंतीवरचा चार्जर बसला त्यानंतर दहा आठवड्यांनी. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या बाबतीत हे अंतर बहुधा पडतंच. गाडी लीजवर, तिचे कागद कंपनीच्या ताब्यात. वीजमीटर माझ्या नावावर. पार्किंगची भिंत सोसायटीची. चार्जर बसवायचा तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं, महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, मग चार्जर बसवणाऱ्यांची तारीख मिळवावी लागते. ही कामं एकामागून एक होतात, एकदम होत नाहीत. तोवर गाडी नुसती उभी ठेवता येत नाही, कारण जुनी पेट्रोलची गाडी त्याच शुक्रवारी परत गेलेली असते.

आमच्या ऑफिसात दर महिन्याला कोणीतरी अशी नवी गाडी घेऊन येतं आणि विचारतं, "चार्जर येईपर्यंत काय करू?" उत्तर ठरलेलं आहे: डिकीत केबल दिलीय ती काढ आणि पंधरा अँपिअरच्या पॉइंटला लाव. उत्तर बरोबर आहे. पण त्या पॉइंटच्या आत रात्रभर काय घडतं हे कोणी सांगत नाही, आणि सांगण्यासारखं सगळं तिथेच आहे. म्हणून हा लेख.

आधी वेळेचा हिशेब, कारण पहिली धास्ती त्याचीच असते. ४५ युनिटांची रिकामी बॅटरी साध्या पॉइंटवर भरायला अठरा तासांच्या आसपास लागतात हे खरं आहे. पण रोज रिकामी बॅटरी घेऊन घरी कोण येतं? माझं ऑफिस येऊन-जाऊन ४० किलोमीटर. शहरात गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते, म्हणजे रोजचे ६ युनिट. चार्ज होताना काही वीज उष्णतेत जाते, म्हणून भिंतीतून ७ युनिट काढावे लागतात. डिकीतली केबल १२-१३ अँपिअर ओढते; त्याला २२५ व्होल्टने गुणलं की पावणेतीन ते तीन किलोवॅट होतात. सात युनिटांना अडीच तास. रात्री अकराला लावली तर दीड वाजता काम झालेलं असतं. पूर्ण आठ तास मिळाले तर १२०-१३० किलोमीटरची बेगमी होते. नोकरदार माणसाच्या रोजच्या फिरण्याला एवढं पुरून उरतं.

दुसरी गोष्ट, ज्याला आपण चार्जर म्हणतो तो भिंतीवरचा डबा प्रत्यक्षात चार्जर नसतोच. खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरातली वीज एसी, बॅटरीला लागते डीसी. हा बदल गाडीतलं यंत्र करतं, आणि त्या यंत्राची ताकद, उदाहरणार्थ ३.३ किंवा ७.२ किलोवॅट, ठरलेली असते. भिंतीवरचा डबा, किंवा डिकीतल्या केबलच्या मधोमध लोंबणारी ती वीट, हा एक हुशार स्विच आहे. गन, म्हणजे केबलचं गाडीकडचं टोक, गाडीत घातली की सात पिनांपैकी एका बारीक पिनेवरून हा डबा गाडीशी बोलू लागतो. तो एक चौकोनी लहर सोडतो, सेकंदाला १००० वेळा, अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टच्या मध्ये. गाडी जोडली गेली की वरचं टोक ९ व्होल्टवर उतरतं. गाडी म्हणाली "मी तयार आहे" की ६ वर येतं. मगच आतला काँटॅक्टर "टक्" असा आवाज करून वीज सोडतो. त्या लहरीची रुंदी म्हणजे गाडीला दिलेली मर्यादा: लहर १७ टक्के वेळ वर राहिली तर गाडीने १० अँपिअरपेक्षा जास्त घ्यायचं नाही, ५३ टक्के राहिली तर ३२ पर्यंत घ्यायला हरकत नाही. गाडी ही मर्यादा पाळते. आणि गन गाडीतून उपटली तर हे बोलणं आधी तुटतं, म्हणून तिच्या तोंडाशी ठिणगी पडत नाही. जाड पिना निघायच्या आत वीज तुटलेली असते.

एवढी सगळी हुशारी डब्यापासून गाडीपर्यंतच्या केबलमध्ये आहे. डब्यापासून भिंतीपर्यंत जी दीड-दोन फूट वायर आणि तीन पिनांचा प्लग आहे, तिथे मात्र हुशारी सहसा काहीच नसते. तिथे पितळ पितळाला दाबून धरतं, बस. धोका आहे तो तिथेच.

पंधरा अँपिअरचा पॉइंट हे आपलं बोलण्यातलं नाव. भारतीय मानकानुसार तो १६ अँपिअरचा, आणि लहान पॉइंट ६ अँपिअरचा. आकडा बघितला तर १३ अँपिअर त्यात आरामात बसायला हवेत. पण घरात या पॉइंटवर आपण काय लावतो ते आठवून बघा. गीझर दोन किलोवॅटचा, पंधरा मिनिटं चालतो आणि थर्मोस्टॅट तोडतो. इस्त्री मिनिटा-दोन मिनिटांनी आपोआप बंद-चालू होते. मिक्सर, मायक्रोवेव्ह पाच मिनिटांचे. प्रत्येक वेळी पितळेला निवायला उसंत मिळते. गाडी अशी उसंत देत नाही. ती सलग तासन् तास तेवढाच प्रवाह ओढत राहते.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट पटणार नाही. जोडणी सैल असली किंवा पितळेवर काळपट थर चढला असला, तर तिथे विजेला थोडा अडथळा होतो. समजा तो ओहमचा दहावा भाग आहे, म्हणजे अगदी किरकोळ. उष्णता ही प्रवाहाचा वर्ग गुणिले अडथळा अशी निघते. १३ गुणिले १३ म्हणजे १६९, त्याचा दहावा भाग म्हणजे जवळपास १७ वॅट. ऐकायला आकडा लहान वाटतो. पण रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाळकामाला वापरतात ती छोटी सोल्डरिंगची कांडी २५ वॅटची असते. म्हणजे तशा कांडीच्या निम्म्याहून अधिक उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या डबीत, रात्रभर कोंडली जाते. तापलेल्या पितळेचा ताण जातो, पकड आणखी सैल होते, थर आणखी जाड होतो, अडथळा वाढतो, आणि जोड आणखी तापतो.

आणि या सगळ्यात एमसीबी पडत नाही. तिला दिसतात १३ अँपिअर, आणि १३ अँपिअर हा गुन्हा नाही. ईएलसीबीही पडत नाही, कारण वीज गळत नाहीये, फक्त एका जागी तापते आहे. संरक्षणाची दोन्ही साधनं जागी असतात आणि दोघांनाही हा दोष दिसत नाही. घरच्या चार्जिंगबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर मी हीच ठेवायला सांगेन.

मला हे पॉइंटवरच्या तिसऱ्या रात्री समजलं. आमच्या पार्किंगमध्ये बिल्डरने गाड्या धुणाऱ्यांसाठी एक पॉइंट देऊन ठेवला होता. सोसायटीने तात्पुरती परवानगी दिली, सबमीटर लावून युनिटांचे पैसे भरायचे ठरले. तिसऱ्या रात्री बारा वाजता सहज खाली गेले तर खांबाजवळ जळक्या बॅकेलाइटचा वास येत होता, माशाच्या वासाशी मिळताजुळता. गाडीच्या पडद्यावरून चार्जिंग थांबवलं, मेन बंद केलं, थोड्या वेळाने प्लग ओढला. डाव्या पिनेभोवती तपकिरी कडं उमटलं होतं, दुधाची साय करपल्यासारखं.

सकाळी वायरमन काका आले. त्यांनी झाकण उघडलं, स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि टर्मिनलचा स्क्रू पाऊण फेरा फिरला. म्हणजे तो कित्येक वर्षं पाऊण फेरा ढिला होता. वायरीचं आवरण दोन इंचांपर्यंत कडक होऊन काळं पडलं होतं, वाकवल्यावर पापडासारखं तुटलं. काका म्हणाले, "ताई, हा पॉइंट व्हॅक्युम क्लीनरला दिलाय. याच्यावर रात्रभर इस्त्रीसुद्धा कोणी ठेवत नाही."

त्यांनी मग जे केलं तेच मी सगळ्यांना करायला सांगते. जुन्या पॉइंटला हात न लावता माझ्या मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढली. चारची (म्हणजे चार चौरस मिलिमीटरची) तांब्याची वायर, तिला स्वतःची एमसीबी, ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी, शेवटी मेटलक्लॅड बॉक्समध्ये नवं, घट्ट १६ अँपिअरचं सॉकेट. अडीचची वायर चालली नसती का? घरातल्या घरात चालते. पण मीटरच्या खोलीपासून माझी पार्किंगची जागा ४० मीटर दूर आहे. जाऊन-येऊन ८० मीटर अडीचच्या तांब्याचा अडथळा साधारण ०.६ ओहम होतो. १३ अँपिअरला त्यात १०० वॅट जातात, म्हणजे आठ तासांत पाऊण युनिटाहून जास्त वीज नुसती वायर गरम करण्यात खर्च होते. चारच्या वायरीत हाच अडथळा ०.३७ च्या आसपास येतो. शिवाय पुढे ३२ अँपिअरचा चार्जर आला की ही लाइन बदलावीच लागते, म्हणून पीव्हीसी पाइप सुरुवातीलाच मोठ्या मापाचा घातला. तेवढा शहाणपणा काकांचा.

नवं सॉकेट बसल्यावरही पहिला आठवडाभर मी रोज अर्ध्या तासाने खाली जाऊन कोरड्या हाताने प्लगची पाठ चाचपत असे. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबायचं आणि वायरमनला बोलवायचं. बहुतेक गाड्यांमध्ये किंवा केबलच्या डब्यावर प्रवाह कमी करायची सोय असते, तिचा उपयोग करावा. वर्गाचा नियम इथे आपल्या बाजूने काम करतो: प्रवाह निम्मा केला की जोडणीतली उष्णता पावपट होते. अनोळखी जागी, पाहुण्यांकडे, हॉटेलात मी नेहमी आधी प्रवाह खाली आणते. याची किंमतही आहे. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतले संगणक आणि पंप जागे राहतात आणि त्यांचा खर्च तासावर असतो, त्यामुळे हळू चार्जिंगमध्ये वाया जाणाऱ्या विजेचं प्रमाण वाढतं. सुरक्षिततेसाठी मला ते मान्य आहे.

एक्स्टेन्शन बोर्डाचं नाव काढू नये. गुंडाळलेल्या रिळावरून तर मुळीच नाही. वेढ्यांच्या आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर मी पुण्यात बघितली आहे, आणि बघून पोटात गोळा आला आहे. पावसाळ्यात केबलच्या डब्याला पाणी सहसा बाधत नाही, तो त्यासाठीच बनवलेला असतो. प्लग आणि सॉकेट मात्र कोरड्या जागी, फरशीपासून वर हवेत.

आता अर्थिंगबद्दल, आणि इथे मी कळकळीने लिहिते आहे. केबलच्या डब्यात अर्थ तपासायची सोय असते. अर्थ नीट नसली की लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरू होत नाही. अनेक जुन्या इमारतींत हा लाल दिवा लागतो, आणि मग कोणीतरी "युक्ती" सांगतं: प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका, डबा फसतो, हिरवा दिवा लागतो. ही युक्ती जीव घेणारी आहे. अर्थची तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. पॉइंटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले, आणि आपल्याकडे ते सर्रास उलटे सापडतात, तर गाडीचा संपूर्ण पत्रा थेट २३० व्होल्टवर जातो. गाडी रबरी टायरवर उभी असल्याने तिला काही होत नाही. ओल्या फरशीवर उभं राहून दाराला हात लावणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. डब्यात गळती ओळखणारं यंत्र असतं, पण ते तोडतं फेज आणि न्यूट्रल; अर्थची तार सहसा तोडत नाही, कारण संकटात तीच आपली तारणहार असायला हवी. तिलाच फितवलं की मागे कोणी उरत नाही. लाल दिवा लागला तर त्या पॉइंटवर चार्जिंग करायचं नाही, एवढंच.

सोसायटीच्या सभेत काही ज्येष्ठ सभासदांनी आगीची भीती बोलून दाखवली तेव्हा मी त्यांना ते काळं पडलेलं सॉकेट दाखवलं. भीती खोटी नाही, हे मला त्यांना सांगायचं होतं. आणि तिच्यावर उपाय आहे हेही. माणसं आपल्या अंगणात परवानगी न घेता ओढलेल्या वायरीला घाबरतात. वेगळी लाइन, वेगळी एमसीबी, दिसेल असं सॉकेट आणि काम केलेल्या परवानाधारक ठेकेदाराचा कागद समोर ठेवला की चर्चेचा सूर बदलतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, घरच्या किंवा ऑफिसच्या चालू वीजजोडणीवरून आपली गाडी चार्ज करायला मोकळीक दिली गेली. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श बांधकाम नियमावलीत नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी २० टक्के जागांना चार्जिंगची सोय असावी अशी भर घातली गेली. जुन्या इमारतींत ही सोय माणसांनी एकमेकांशी बोलूनच करावी लागते.

गाडी कंपनीची असल्याने पैशांचा प्रश्न वेगळा उभा राहतो. पेट्रोलच्या गाडीला फ्युएल कार्ड होतं, पावती होती. घरच्या पॉइंटची पावती कोण देणार? आमच्या अकाउंट्सच्या फॉर्मवर रकाने होते: पंपाचं नाव, लिटर, बिल क्रमांक. मी सबमीटरचा फोटो दर महिन्याच्या एक तारखेला काढून जोडायला लागले. त्यावर पहिली शंका आली की गाडीच्या अ‍ॅपवर युनिट कमी दिसतात आणि मीटरवर जास्त. दोन्ही आकडे खरे असतात. अ‍ॅप सांगतं बॅटरीत किती गेले, मीटर सांगतो भिंतीतून किती निघाले. मधले १०-१५ टक्के गाडीतल्या यंत्रात उष्णता होऊन गेले. बिल मीटरवर येतं, म्हणून भरपाईही मीटरवरच व्हायला हवी.

दुसरी शंका मी उपस्थित केली. युनिटचा दर कुठला धरायचा? महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: १०० युनिटांपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत, आणि त्यापुढे. घर २०० युनिट वापरत असेल आणि गाडीचे १८० त्यात पडले, तर गाडीचे काही युनिट वरच्या टप्प्यात जातात. बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढला, तर गाडीच्या विजेचा काही भार घरच्या खिशातून जातो. गाडी नसलेल्या महिन्याचं बिल आणि गाडी असलेल्या महिन्याचं बिल शेजारी ठेवून हा फरक मी अकाउंट्सला समजावला आणि त्यांनी तो मानला. लीजची गाडी घेणाऱ्याने ही बोलणी गाडी यायच्या आधीच करावीत. सबमीटर तर पहिल्या दिवशीच बसवावा, कारण मागचे आकडे नंतर कुठून आणणार?

बाहेरच्या चार्जिंगला पावती आपोआप मिळते, पण त्यावर १८ टक्के जीएसटी असतो आणि जलद चार्जरचा मूळ दरही घरापेक्षा चढा. पहिल्या तीन-चार दिवसांत मी त्यावरच होते. जलद चार्जर गाडीतल्या यंत्राला वगळून थेट बॅटरीला डीसी देतो, म्हणून तासाभरात काम होतं. ८० टक्क्यांनंतर मात्र बॅटरी स्वतःच वेग आवरते; तिथे मागे रांग असताना १०० पर्यंत थांबणं हा दुसऱ्याच्या वेळेचा अपव्यय आहे. ऑफिसात पॉइंट असेल तर तो सगळ्यात सोयीचा, फक्त गाडी भरली की उतरून ती हलवायची शिस्त सगळ्यांनी पाळावी लागते. आमच्याकडे दोन पॉइंट आणि नऊ गाड्या आहेत, तरी व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर ते छान चालतं.

दहा आठवड्यांनी चार्जर बसला. डिकीतली केबल मी घरात काढून ठेवली नाही, ती अजून डिकीतच असते. मे महिन्यात म्हसवडजवळ सासरी गेलो तेव्हा गाडीत ३१ टक्के उरले होते. ओसरीवरच्या पॉइंटला केबल लावली, प्रवाह कमी करून ठेवला, आणि लाल दिवा लागला. दिरांनी मागच्या अंगणात नेलं. घर बांधताना मीठ आणि कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा केला होता, पण माणदेशातल्या उन्हाळ्यात ती माती भाजून विटेसारखी झाली होती. कोरडी माती वीज वाहून नेत नाही, म्हणून अर्थ असून नसल्यासारखी. पिण्याचं पाणी तिथे ओतायचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंनी धुण्याचं साठवलेलं पाणी दिलं, दोन बादल्या. मातीने ते सुस्कारा टाकल्यासारखं पिऊन घेतलं. आम्ही जेवायला बसलो. जेवण उरकून केबल पुन्हा लावली तेव्हा हिरवा दिवा लागला आणि आतून "टक्" असा आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर कुदळ घेऊन नव्या खड्ड्याची जागा बघत होते, न्हाणीघराच्या मोरीजवळ, जिथे माती बारा महिने ओली असते.